दहावी ‘ब’चं पंचांग

शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रातला सर्वांत निर्विकार साहित्यप्रकार आहे. त्यात मुलीचं नाव असतं, आईचं नाव असतं, जन्मतारीख अंकी असते आणि कुणाला अंक वाचता येत नसतील म्हणून अक्षरीही असते. मुलगी तेवढी नसते. ‘प्रगती’च्या रकान्यात ‘समाधानकारक’ आणि ‘वर्तणूक’च्या रकान्यात ‘चांगली’ हे दोन शब्द क्लार्कच्या हाताला इतके बसलेले असतात की पेन टेकवायचा अवकाश, ते आपोआप उमटतात. जिनं दहा वर्षांत एकदाही रिबिनी घड्या न विस्कटता बांधल्या नाहीत तिची वर्तणूक चांगली, आणि जिच्या रिबिनीची घडी दहा वर्षांत मोडली नाही तिचीही चांगलीच. पण त्याच आठवड्यात, त्याच इमारतीत, त्याच मुलीविषयी आणखी एक कागद तयार होत असतो. रफ वहीचं फाडलेलं शेवटचं पान, चार घड्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेलं आणि म्हणूनच ताबडतोब ओळखू येणारं: ‘ही मोठेपणी पाणीपुरवठा खात्यात लागेल. दर तासाला पाणी प्यायला जायचा अनुभव: दहा वर्षं.’ या दोन कागदांपैकी मुलीकडे बघून लिहिलेला कागद कोणता, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही.

या चिठ्ठ्यांना कुणी फिशपाँड म्हणतं, कुणी शेलापागोटे. पहिल्या शब्दात तळं नाही, गळ नाही. खोक्याला पाडलेली चीर आणि त्यात हात घालणारी वर्गप्रतिनिधी एवढंच आहे. तरी ज्या घरांत मासळीचं नावही काढत नाहीत, त्या घरांतल्या मुलीही फिशपाँड म्हटलं की जिभल्या चाटतात. दुसरा शब्द जास्त खोडकर आहे. शेला पांघरून आणि पागोटं देऊन माणसाचा सन्मान करायची आपली जुनी रीत. त्यातलं पागोटं उघडच पुरुषाच्या डोक्यावरचं. मुलींच्या शाळेत ते दर वर्षी चाळीस-पन्नास वेण्यांवर चढवलं जातं, आणि त्यात काही वावगं आहे असं ना देणारीला वाटतं, ना घेणारीला. पुढं जे म्हणायचं आहे त्याचं बीज या शब्दात आहे, म्हणून तो इथं खुंटीला टांगून ठेवतो.

या चिठ्ठ्यांवरचा पहिला आणि सर्वांत समंजस आक्षेप असा की यातली भाकितं खरी होत नाहीत. मान्य. पण भाकितं खरी ठरावीत हा निकष लावायचाच असेल तर तो सगळ्यांना लावू. मुलीचं भविष्य सांगण्याचा अधिकृत परवाना आपल्याकडे ज्योतिषांकडे आहे. २००८ साली जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषांची एक साधी परीक्षा घेतली होती. काही पत्रिका शाळेत चमकणाऱ्या मुलांच्या, काही बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या. पत्रिका पाहून कोणती कुणाची तेवढं सांगायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तर चार टक्के फायद्यात राहिले असते. आता वर्गमैत्रिणींची तयारी पाहा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीला १००० तास शिकवलं पाहिजे असं ठरवून दिलं आहे. नववी-दहावीलाही तोच दर धरला तर नऊ हजार तास होतात. ज्योतिषाचा आधार म्हणजे जन्मवेळ, तीही प्रसूतिगृहातल्या घड्याळावर विसंबून असलेली. बाकावरच्या मैत्रिणीचा आधार म्हणजे नऊ हजार तासांचं निरीक्षण, तेही एका फुटावरून. शिवाय ज्योतिषी मुलीविषयी मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो: लग्न कधी होईल आणि सासर कोणत्या दिशेला असेल. म्हणजे भूगोल आणि कॅलेंडर. वर्गाचा अभ्यासक्रम त्याहून बराच मोठा असतो.

तो कसा असतो ते पाहण्यासारखं आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी ‘माझं काहीच झालेलं नाही गं’ म्हणून गळा काढणारी आणि निकालात ९२ टक्के घेऊन उभी राहणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. तिच्याविषयी चिठ्ठी म्हणते की ही अर्थमंत्री होईल, तिजोरी रिकामी आहे असं दर वर्षी सांगेल. पुरवणीवर पुरवणी मागणारी आणि शेवटी सगळ्या पुरवण्या बांधायला दोराही दुसरीकडूनच मागणारी, ती वकील. हिचा खटला नातवंडांपर्यंत चालेल. मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्याचं झाकण न उघडता सात डब्यांचा निकाल लावणारी अन्न आणि औषध प्रशासनात जाईल. नमुना घेतल्याखेरीज सोडणार नाही. पट्टी, खोडरबर, शार्पनर हे सारं शेजारणीचं वापरून कंपास पेटी मात्र रोज नवीकोरी ठेवणारीला सहकारी बँक काढायला सांगितलेलं असतं. आता या सगळ्यांत पुढचं असं काय आहे? क्रियापद तेवढं भविष्यकाळी. मराठी व्याकरणात रीती वर्तमानकाळ म्हणून एक प्रकार असतो, एखादी गोष्ट नेहमी घडते असं सांगणारा. शेलापागोटे म्हणजे रीती वर्तमानकाळाला ‘-ईल’ प्रत्यय लावलेला. ‘ही नेहमी दुसऱ्याचा डबा खाते’ असं सरळ लिहिलं तर ती तक्रार होते आणि बाईंपर्यंत जाते. ‘ही उद्या नमुने गोळा करील’ असं लिहिलं की खात्यात नेमणूक होते. मजकूर तोच, पण दुसऱ्या वाक्यात त्या मुलीला मोठं झालेलं पाहिलेलं आहे. खोड काढताना तिच्या हाती एक नोकरी ठेवलेली आहे.

इथं खुंटीवरचं पागोटं खाली काढायला हरकत नाही. मुलीच्या पुढच्या आयुष्याविषयी थट्टा करायची तर ते आयुष्य आधी अनिश्चित असावं लागतं. ठरलेल्या गोष्टीचं भाकीत होत नाही. सूर्य उद्या पूर्वेला उगवेल यावर कुणी चिठ्ठी टाकत नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली, पण त्या काळातल्या मुलीचं पुढचं आयुष्य बहुधा तिच्या बाराखडीच्याही आधी ठरलेलं असे. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात रमाबाई आल्या त्या अकराव्या वर्षी, आनंदीबाई जोशींचं लग्न झालं ते नवव्या वर्षी. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर न्यायची एवढ्यासाठी केवढं रण माजलं हे सगळ्यांना ठाऊक आहे; १९२९च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं, आणि अठरा व्हायला १९७८ उजाडावं लागलं. दहावीची मुलगी पंधरा-सोळाची असते. म्हणजे कित्येक दशकं वर्ग निरोप समारंभापर्यंत पोचायच्या आतच एकेक करून पांगत होता, आणि प्रत्येकीच्या जाण्याचं कारण एकच होतं. चाळीस मुलींचं चाळीस प्रकारचं भविष्य सांगणाऱ्या चाळीस चिठ्ठ्या लिहायला आधी चाळीस भविष्यं लागतात. कर्व्यांच्या महिला विद्यापीठानं १९१६ पासून हा प्रश्न आपल्या परीनं सोडवायला घेतला. त्या विद्यापीठाच्या पदवीचं नाव ‘गृहीतागमा’ होतं. एखाद्या मुलीनं हे नाव चिठ्ठीवर लिहून मैत्रिणीला चिकटवलं असतं तर बाईंनी ती चिठ्ठी आगाऊपणा म्हणून बाद केली असती; विद्यापीठानं ते शिक्क्यानिशी दिलं, आणि त्या मुलींनी ते नावापुढं लावून मिरवलंही.

तेव्हा कोणत्याही सालच्या या चिठ्ठ्या त्या सालचं मोजमाप असतात. पूर्ण ठरलेल्या गोष्टीवर वर्ग हसत नाही आणि सहज होण्याजोग्या गोष्टीवरही हसत नाही. हसू फुटतं ते या दोहोंच्या मधल्या पट्टीत. मुलींचा वर्ग कुठं खो-खो हसतो ते पाहावं, तिथं त्या वर्षी मुलींच्या भविष्याला घातलेलं कुंपण असतं. कुंपण सरकलं की विनोद शिळा होतो. ‘ही गावची सरपंच होईल’ ही चिठ्ठी एके काळी तालुक्याच्या शाळेत हमखास टाळ्या घेणारी. मग ७३वी घटनादुरुस्ती आली, स्थानिक संस्थांतल्या एकतृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या, आणि चिठ्ठीतला सगळा मसाला गेला. आता ती थट्टा उरली नाही, आरक्षणाच्या सोडतीवर अवलंबून असलेली साधी शक्यता झाली. ‘हिला सीमेवर पाठवा, शत्रू आपण होऊन माघार घेईल’ ही तर वर्गातल्या भांडकुदळ मुलीसाठी पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेली चिठ्ठी. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसायची वाट मुलींना मोकळी केली, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी संचलन करत बाहेर पडली. आज ही चिठ्ठी वाचून दाखवली तर वर्ग हसण्याऐवजी अर्जाची शेवटची तारीख विचारतो. एक चांगला विनोद देशानं असा सरकारी खर्चानं संपवला, याबद्दल कुणाकडे दाद मागावी?

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. एवढं कुंपण सरकलं म्हणता, तर अजूनही निम्म्या चिठ्ठ्या लग्नाच्या, सासूच्या, पोळ्या करपण्याच्या का? इथं थोडी माघार घ्यावी लागेल. पोळीच्या नकाशावरचा विनोद महाराष्ट्रात इतका झाला आहे की भूगोलाच्या बोर्डानं त्यावर मानधन मागावं. लिहिणारीला काही सुचलं नाही की ती स्वयंपाकघरात शिरते, हे खरंच आहे. आळशी विनोद जवळचंच दार गाठतो. तरीही चिठ्ठ्यांतलं लग्न नीट पाहिलं तर ते घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातल्या लग्नासारखं नसतं. घरात मुलीला सांगितलेलं असतं की सासरी कसं निभावेल तुझं. चिठ्ठीत काळजी सासरची असते. ‘हिच्या सासूनं आत्ताच काशीचं तिकीट काढून ठेवावं.’ ‘हिचा नवरा बोलायला मिळावं म्हणून भाजी आणायला जाईल आणि मंडईतच राहील.’ या वाङ्मयात नवरा ही व्यक्ती नाही, सामान्यनाम आहे; त्याला चेहरा नाही, पगार नाही, त्याचं काम फक्त गांगरून उभं राहण्याचं. मुलामुलींच्या एकत्र वर्गात हे जमत नाही. तिथं चिठ्ठ्यांचा सगळा जोर जोड्या लावण्यावर खर्च होतो आणि समोर कुणीतरी ऐकतंय या भानानं विनोदाला पावडर लावावी लागते. मुलींच्याच वर्गात गांगरलेला नवरा मोकळेपणानं रंगवता येतो, कारण तो अजून कुणी झालेला नसतो.

तिसरा आक्षेप थट्टेनं उडवून लावण्यासारखा नाही. चिठ्ठ्या लागतात. रंगावरून, जाडीवरून, तोतरेपणावरून, बापाच्या धंद्यावरून लिहिलेली एक ओळ, तीही सगळ्या वर्गासमोर माइकवरून वाचलेली, पुढं कित्येक वर्षं ठसठसत राहते. ‘मजेत घ्यायचं असतं’ हे उत्तर देणारी नेहमी जिच्यावर चिठ्ठी नव्हती ती असते. पण हा दोष थट्टेचा नव्हे, थट्टेचं सोंग घेऊन आत शिरलेल्या दुसऱ्याच कुणाचा आहे, असं म्हणायला जागा आहे. मुलगी जे करते त्यावर लिहिलेली चिठ्ठी आणि मुलगी जशी आहे त्यावर लिहिलेली चिठ्ठी, या दोन वेगळ्या जाती आहेत. डबे फस्त करणं ही कृती आहे. ती करणारी उद्या थांबू शकते, किंवा दुप्पट जोमानं करू शकते. सावळा रंग ही कृती नाही. ‘हिला अंधारात शोधायला बॅटरी लागेल’ ही ओळ कुठून येते पाहा: वधूवर सूचक मंडळाच्या रकान्यातून, ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ या जाहिरातीतून, पोहे खाता खाता मुलीला आपादमस्तक न्याहाळणाऱ्या मामांकडून. ती लिहिली मैत्रिणीच्या हातानं असेल, पण ती नऊ हजार तासांच्या निरीक्षणातून आलेली नाही. तिला एक मिनिटही पुरतं. मामा पागोटं घालून वर्गात येऊन बसलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी बाईंनी मामांना बाहेर काढावं ही अपेक्षा. बाई चिठ्ठ्या आधी चाळतातही. पण बहुतेक ठिकाणी चाळणीची भोकं उलटी असतात: बाईंच्या ‘समजलं का?’ या पालुपदावरची निरुपद्रवी चिठ्ठी शिस्तभंग म्हणून फाडली जाते, आणि जाडीवरची ‘मुलींना हसायला काहीतरी हवंच’ म्हणून पुढं जाते.

लागणाऱ्या चिठ्ठीपेक्षाही वाईट एक चिठ्ठी असते. तिच्याविषयी कुणी तक्रार करत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी खोकं उघडलं की लक्षात येतं, सात-आठ मुलींच्या नावानं एकही चिठ्ठी नाही. मग वर्गप्रतिनिधी आणि तिच्या दोन सहायक बसून घाईघाईनं भरती करतात: ‘शांत, सालस आणि मनमिळाऊ.’ ‘सदा हसतमुख.’ ‘हिच्या आयुष्यात सुखच सुख येईल.’ वाचताना सगळ्या टाळ्या वाजवतात, ती मुलगी पुढं येते, गुलाबाचं फूल घेते आणि जागेवर जाऊन बसते. तिच्या बाजूला, चिठ्ठीत जिला ‘रेशनच्या रांगेत घुसण्याचं प्रशिक्षण केंद्र’ काढायला सांगितलं ती, हसून हसून डोळे पुसत असते. दोघींत कुणाचा अपमान झाला, हे त्या दोघींना बरोबर कळलेलं असतं. ‘सालस आणि मनमिळाऊ’ हे ‘वर्तणूक: चांगली’चंच घरगुती रूप. क्लार्कला निदान दोनशे दाखले लिहायचे असतात, त्याला माफ करता येतं. शेवटून दुसऱ्या बाकावर दहा वर्षं बसलेली मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी बोटं गुंडाळत काय पुटपुटते, वहीच्या समासात कसली चित्रं काढते, वर्ग हसून थांबल्यावर चार सेकंदांनी एकटीच का हसते, एवढं कुणी पाहिलं असतं तर तिच्यावरही झकास चिठ्ठी झाली असती. प्रत्येक मुलीला चिठ्ठी मिळालीच पाहिजे असा नियम करण्यापेक्षा, स्तुतीच्या चिठ्ठ्या बाद असा नियम केला तर वर्गाला आयुष्यातला पहिला अवघड गृहपाठ मिळेल. चाळीस जणींकडे नीट पाहिल्याशिवाय चाळीस जणींची थट्टा करता येत नाही.

राहता राहिला भाकितांचा हिशेब, आणि तो खरंच केला जातो. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली की वर्गाचा स्नेहमेळावा भरतो. साड्यांचा रंग ठरवण्यात दोन महिने जातात, आणि मग कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून जुन्या चिठ्ठ्या निघतात. तेव्हा लागणारा निकाल नारळीकरांनी मुळीच मान्य केला नसता. सतत बोलणाऱ्या मुलीला ‘आकाशवाणीवर बातम्या देईल’ म्हटलेलं असतं आणि ती झालेली असते दातांची डॉक्टर. चुकलं? छे. समोरचा माणूस तोंड उघडं टाकून, त्यात कापसाचे बोळे घेऊन, आडवा पडलाय आणि ही तासभर एकटीच बोलतेय, याला बातम्या नाही तर काय म्हणायचं, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. अर्थमंत्री होणारीनं सोसायटीचं खजिनदारपद सांभाळलेलं असतं आणि सिंकिंग फंडात काहीच नाही हे ती अजूनही त्याच गळ्यानं सांगत असते. अन्न आणि औषधवालीचं मत असं पडतं की केटररची बासुंदी ठीक आहे, पण नक्की सांगायला आणखी एक वाटी लागेल. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणाऱ्या मॉनिटरविषयी मात्र कुणी काहीच भाकीत केलेलं नसतं. त्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, त्यामुळे तिच्या हातात पुढं काय येणार हे सुचायचा प्रश्नच नव्हता. ती ग्रुपची ॲडमिन आहे. शुभ सकाळचे फुलांचे फोटो टाकल्याबद्दल चौघींना तिनं गेल्याच आठवड्यात वर्गाबाहेर उभं केलं आहे.